मद्रास की अमेरिका?

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात आमच्या महिला मंडळाची बैठक संपली, सतरंज्या गुंडाळून झाल्या आणि चहाचा कप हातात घेऊन आमची एक मैत्रीण माझ्याजवळ येऊन बसली. चेहरा उतरलेला. काय झालं गं, असं विचारलं तर म्हणाली, लेकीचा पेच पडलाय. मुलगी नर्सिंगची पदवी घेऊन बसली आहे. एकीकडे जर्मनीला जायची संधी चालून आलीय, त्यासाठी तिने भाषेचा क्लासही लावलाय. दुसरीकडे बंगळूरच्या एका इस्पितळात नोकरी मिळतेय. घरात दोन तट पडलेत. वडिलांचं म्हणणं बंगळूर बरं, रात्री गाडीत बसलं की दुसऱ्या दिवशी पोचता येतं. भावाचं म्हणणं, घर सोडायचंच तर मग लांबच जावं. आणि आजी म्हणतात, मला मेलीला दोन्ही सारखंच, दोन्हीकडे आपली भाषा बोलणारं कोण आहे?

मैत्रिणीला माझं मत हवं होतं. मी समाजकार्य करते म्हणून बायका मला काहीबाही विचारतात, पण खरं सांगायचं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बघूया म्हणून वेळ मारून नेली. घरी आले, कुकर लावला आणि मनात एकदम डॉ. आनंदीबाई जोशी आल्या. हाच पेच त्यांच्याही पुढ्यात होता की! फक्त तिथे जर्मनी आणि बंगळूरऐवजी अमेरिका आणि मद्रास होतं.

तुम्ही म्हणाल, आनंदीबाईंची गोष्ट कोणाला माहीत नाही? शाळेत धडा होता, नाटक झालं, २०१९ साली सिनेमाही आला. पण धड्यात काय होतं, की कल्याणची मुलगी एकदम अमेरिकेच्या बोटीत बसते. मधली नऊ वर्षं कुठे जातात? त्या नऊ वर्षांत तिने आपल्याच देशात किती वेळा बिऱ्हाड हलवलं, आणि जवळची वाट सोडून लांबची का धरली, हे आपण फारसं विचारतच नाही. आज तेच सांगते.

३१ मार्च १८६५ चा जन्म. माहेरचं नाव यमुना. बालपण कल्याणात, भरल्या घरात गेलं. नवव्या वर्षी, १८७४ साली लग्न झालं. नवरा गोपाळराव जोशी, मूळचे संगमनेरचे, पोस्टात कारकून, बिजवर आणि वयाने वीसएक वर्षांनी मोठे. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली. त्या काळी मुलीचे वडील हुंड्याची बोलणी करत, इथे जावयाने अट घातली ती बायकोला शिकवण्याची. ऐकायला किती छान वाटतं! पण हे शिकवणं फुलासारखं नव्हतं. गोपाळराव हट्टी आणि तापट. अभ्यास झाला नाही की मार बसायचा. कोवळ्या वयात नवऱ्याने लाकडाने मारलं, वस्तू अंगावर फेकल्या, टाकून देण्याची धमकी दिली, हे सगळं आनंदीबाईंनी पुढे अमेरिकेतून त्यांनाच पत्रात लिहून दाखवलं आहे. आणि त्याच पत्रव्यवहारात आपल्या शिक्षणाचं ऋणही मान्य केलं आहे. आपण बायका ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाबद्दल कशी खरी असू शकतात हे जाणतो, म्हणून यावर जास्त बोलत नाही.

कल्याणात सासर-माहेरच्या माणसांत शिक्षण होईना. घरचे टोकत, शेजारीपाजारी हसत. म्हणून गोपाळरावांनी अलिबागला बदली मागून घेतली. आजी सोबतीला गेली. आनंदीचं हे पहिलं स्थलांतर. म्हणजे बघा, शिकायचं तर आपल्या गावातून उठावं लागतं हे तिला लहानपणीच कळलं. मग दिवस राहिले. चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि जेमतेम दहा दिवस जगून गेला. वेळेवर नीट उपचार मिळाले असते तर बाळ वाचलं असतं, हे तिच्या मनात रुतून बसलं. बायका पुरुष डॉक्टरला दुखणं दाखवत नाहीत आणि बाई डॉक्टर मिळत नाही. मग आपणच का होऊ नये? हा विचार हळूहळू पक्का झाला.

पुढे कोल्हापूर, मुंबई, कच्छमधलं भुज आणि १८८१ साली थेट कलकत्ता. पोस्टाची नोकरी आणि त्यात गोपाळरावांचा स्वभाव, त्यामुळे बदल्या चालूच. प्रत्येक ठिकाणी नवी भाषा, नवं पाणी, नवे शेजारी. आपल्याला वाटतं देशातल्या देशात काय एवढं? पण तिचा अनुभव ऐका. मुंबईत ती पायांत बूट-मोजे घालून शाळेत जायची, तर रस्त्यावरचे लोक गोळा होऊन टिंगल करत, माड्यांवरून कोणी खडे टाकी, कोणी थुंके. कलकत्त्यात नवऱ्याबरोबर फिरायला निघालं तरी लोक वळून वळून बघत, भलतंच काही समजत. कारण तिथे बऱ्या घरची बाई अशी उघड रस्त्याने चालतच नसे. आपल्याच देशात ती परकी होती. आमच्या मैत्रिणीच्या सासूबाई म्हणाल्या ते काही अगदीच खोटं नाही.

याच काळात अमेरिकेचा धागा जुळला होता. कोल्हापुरात असतानाच गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी मदत मिळेल का म्हणून रॉयल वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलं. त्याने सुचवलं, ख्रिस्ती व्हा. ते दोघांनाही मान्य नव्हतं. पण हा पत्रव्यवहार तिकडच्या मिशनच्या मासिकात छापून आला. न्यू जर्सीमधल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दातांच्या डॉक्टरकडे आपला नंबर यायची वाट बघत बसल्या होत्या, तेव्हा ते मासिक त्यांनी सहज चाळलं. त्या हळहळल्या आणि त्यांनी पत्र पाठवलं. १८८० पासून दोघींची पत्रं सुरू झाली. एकमेकींना न बघता इतकी माया जडली की आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. बंगालची हवा आनंदीबाईंना मानवली नव्हती. ताप, डोकेदुखी, अशक्तपणा मागे लागला होता. या मावशीने तिकडून औषधं धाडली. मैत्रिणींनो, ही तब्येतीची गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मद्रासचं. अमेरिकेला गेल्याशिवाय बाईला डॉक्टर होताच येत नव्हतं असा आपला समज असतो. तसं नव्हतं. मद्रासच्या मेडिकल कॉलेजने १८७५ सालीच मेरी शार्लिब आणि आणखी तिघींना प्रवेश दिला होता. १८८२ साली बंगालमधून अबला दास, म्हणजे पुढे जगदीशचंद्र बोस यांच्या पत्नी झालेल्या अबला बोस, सरकारी शिष्यवृत्तीवर मद्रासला शिकायला गेल्या होत्या. म्हणजे जवळचा रस्ता होता. आगगाडीने जाता येईल असा, समुद्र ओलांडायचं पाप नाही, वाळीत टाकायची भीती नाही. मग आनंदीबाईंनी तो का नाही धरला?

हा प्रश्न तेव्हाही लोकांनी विचारला. उलटसुलट चर्चा झाली. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाई स्वतः उभ्या राहिल्या आणि इंग्रजीत भाषण केलं. वय पुरतं अठराही नव्हतं. इथून पुढे मात्र तिला त्या म्हणावंसं वाटतं. त्यांनी लोकांचेच प्रश्न एकेक करून पुढे मांडले. अमेरिकेलाच का? इथे शिकायची सोय नाही का? एकटी का? परतल्यावर जात बाहेर टाकेल त्याचं काय? तिकडे काही बरंवाईट झालं तर? आणि प्रत्येकाचं उत्तर दिलं. चिडल्या नाहीत, रडल्या नाहीत.

सोय अजिबात नाही असं त्या म्हणाल्या नाहीत. मद्रासचं कॉलेज आहे, ठिकठिकाणी सुईणपणाचे वर्ग आहेत हे त्यांनी मान्य केलं. पण तिथलं शिक्षण त्यांना अपुरं वाटत होतं आणि शिकवणारे जुन्या विचारांचे, बायकांनी पुढे यावं असं मनापासून न वाटणारे आहेत असं त्यांचं मत होतं. दुसरं कारण त्याहून मोलाचं आहे. त्यांनी सांगितलं की ख्रिस्ती मुलीच्या पाठीशी मिशन असतं, ब्राह्मो समाजातल्या मुलीच्या पाठीशी तिचा समाज असतो. पण आपला धर्म, आपलं लुगडं, आपलं जेवण न सोडता शिकू पाहणाऱ्या एकट्या हिंदू बाईला इथे कोणाचा आधार? रस्त्यावरची टिंगल तर सोसलेलीच होती. मद्रास नकाशावर जवळ होतं, पण तिथे त्यांचं कोणी नव्हतं. अमेरिका सातासमुद्रापार होती, पण तिथे एक मावशी वाट बघत होती. मला वाटतं, आपण अंतर मोजताना हे माप विसरतो.

एकटी का, याचं उत्तर अगदी घरातलं होतं. दोघांनी जायचं आधी ठरलं होतं, पण तेवढा पैसा नव्हता. शिवाय गोपाळरावांवर म्हातारे आईवडील आणि धाकटी भावंडं अवलंबून होती. नोकरी सोडली तर ती माणसं उपाशी पडली असती. जातीबाहेर टाकण्याबद्दल त्यांचं म्हणणं सरळ होतं. जशी जातेय तशीच राहीन आणि तशीच परत येईन. तरी टाकायचं असेल तर परतायची वाट कशाला बघता? या भाषणानंतर अनेकांचा विरोध निवळला, मदतही मिळाली. आनंदीबाईंनी हातातल्या सोन्याच्या बांगड्या विकल्या आणि एप्रिल १८८३ मध्ये ओळखीच्या इंग्रज बायकांच्या सोबतीने कलकत्त्याहून बोटीत बसल्या. जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या. धक्क्यावर कार्पेंटर मावशी हजर.

त्या उन्हाळ्यात रोझेलच्या घरात त्या मुलीसारख्या राहिल्या. ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमध्ये नाव घातलं. हे खास बायकांसाठी काढलेलं कॉलेज, शिकणाऱ्या साऱ्या बायकाच. प्रमुख डॉ. रेचल बॉडली यांनी तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची मदत मंजूर केली. आनंदीबाईंनी दिलेला शब्द पाळला. मांसाहार केला नाही, कुंकू पुसलं नाही, साडी सोडली नाही. फक्त नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडून थंडी बाधायची म्हणून गुजराती पद्धतीने साडी नेसायला लागल्या. एवढ्याशा बदलासाठीही नवऱ्याला पत्राने कळवावं लागलं! खोलीत शेकोटी होती, पण ती नीट पेटायची नाही. पेटवली तर धूर, न पेटवली तर हाडं गोठवणारी थंडी. स्वतःच रांधायचं, त्यात अभ्यासाचा डोंगर. उकडलेल्या बटाट्यावर किती दिवस निघणार? आधीच नाजूक झालेली प्रकृती ढासळत गेली. पुढे बॉडलीबाईंनी त्यांना स्वतःच्या घरी राहायला नेलं, पण खोकला-ताप पाठ सोडेना. क्षय आत शिरला होता.

तरी ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता प्राचीन हिंदू आर्यांमधलं प्रसूतिशास्त्र. दहा दिवसांचं बाळ गमावलेल्या आईने दुसरा कुठला विषय निवडला असता? समारंभाला गोपाळराव होते, ते वर्षभर आधी अमेरिकेत येऊन पोचले होते. आणि इंग्लंडहून पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या. परदेशी भूमीवर आपल्याकडच्या दोन बायका एकमेकींना भेटल्या तो क्षण मला नेहमी डोळ्यांसमोर आणावासा वाटतो. कोल्हापूर संस्थानाने आनंदीबाईंना आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाची जबाबदारी देऊ केली. आज आपण ज्याला सीपीआर म्हणतो तेच हे हॉस्पिटल. त्यांनी ते पद स्वीकारलं. परत यायचं हे त्यांचं आधीपासून ठरलेलंच होतं.

१६ नोव्हेंबर १८८६ ला बोट मुंबईला लागली. स्वागत झालं, कौतुक झालं. पण कोल्हापूरच्या दवाखान्याची पायरी काही त्यांना चढता आली नाही. अंथरुणच धरलं. पुण्यात २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या गेल्या. बावीस वर्षं पुरी व्हायला महिनाभर बाकी होता. अस्थी कार्पेंटर मावशींकडे पाठवल्या गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावात, त्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत त्यांना जागा मिळाली. ही मुलगी देशाची, पण तिचा दगड तिकडे आहे.

आता मनाला लागणारी एक गोष्ट सांगते. आनंदीबाई ज्या वर्षी कलकत्त्याहून निघाल्या, त्याच १८८३ साली कलकत्ता मेडिकल कॉलेजने कादंबिनी गांगुली यांना प्रवेश दिला. म्हणजे बोट गेली आणि मागे दार उघडलं! कादंबिनी तिथेच शिकल्या, १८८६ साली डॉक्टर झाल्या, आधी देशात काम केलं आणि मग १८९३ मध्ये पुढच्या शिक्षणासाठी विलायतेला जाऊन परत आल्या. १९२३ पर्यंत जगल्या, शेवटपर्यंत रोगी तपासत राहिल्या. आणि कोल्हापूरच्या ज्या दवाखान्यात आनंदीबाई पोचल्या नाहीत, तिथे पुढे डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी काम केलं. त्यांचं डॉक्टरकीचं शिक्षण मुंबईत झालं होतं.

मग आनंदीबाई चुकल्या का? थांबल्या असत्या तर जगल्या असत्या का? मी बरेच दिवस हा विचार केला. मला तसं वाटत नाही. एक तर चार महिन्यांनी दार उघडेल हे कोणाला ठाऊक असतं? दुसरं, कादंबिनींना ब्राह्मो समाजाचा आणि नवऱ्याचा भक्कम आधार होता. म्हणजे आनंदीबाई सेरामपूरला बोलल्या ते खरंच ठरलं. पण एक मात्र म्हणावंसं वाटतं. त्या सभेत त्यांनी लोकांच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली, समाजाच्या, धर्माच्या, पैशाच्या. आपल्या शरीराचा प्रश्न मात्र देवावर सोडला. बंगालच्या हवेत जी प्रकृती टिकत नव्हती, ती फिलाडेल्फियाच्या बर्फात कशी टिकणार, हे ना नवऱ्याने विचारलं ना त्यांनी स्वतः. आपण बायका अजूनही तेच करतो. दुखणं अंगावर काढणं म्हणजे आपल्याला कर्तबगारी वाटते.

दुसऱ्या दिवशी मी मैत्रिणीच्या घरी गेले. मत दिलं नाहीच. मुलीला म्हटलं, एक वही घे आणि आनंदीबाईंसारखे प्रश्न लिहून काढ. मला नक्की काय शिकायचं आहे, काय करायचं आहे? ते इथे मिळतं का, आणि मिळत असेल तर मला तिथे नीट करू देतील का? तिथे माझं म्हणावं असं एक तरी माणूस आहे का? पैसा कुठून येणार आणि कर्ज झालं तर कोण फेडणार? परत यायचं का, आणि यायचं तर कुठे, कशावर? लोक काय म्हणतील हा प्रश्नही लिही, फक्त त्याला पहिला नंबर देऊ नको. आणि तब्येतीचा विसरू नको. हे सगळे प्रश्न जर्मनीला लाव आणि तेच्या तेच बंगळूरला लाव. बंगळूर आपल्याच देशात आहे म्हणून त्याला सूट नाही. वडिलांना म्हटलं, तुम्ही एजंटचे कागद वकिलाला दाखवून घ्या, तोंडी बोलण्यावर जाऊ नका. आजी सगळं ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, ही आनंदी तिकडे जेवायची काय गं?

परवाच्या बैठकीला मैत्रीण पुन्हा भेटली. निर्णय अजून झालेला नाही. पण घरातली भांडणं थांबलीत, कारण आता सगळे त्या वहीवर बोलतात. अकरा प्रश्न झालेत, सातांची उत्तरं मिळालीत. इस्पितळाला मेल करून मुलीने आजारपणाची रजा किती, राहायची खोली कशी, हेही विचारून घेतलंय. उरलेल्या चारांपैकी एक प्रश्न तिने आईसाठीच लिहून ठेवलाय. मी आजारी पडले तर तुला खरं कळवू की नको?

मैत्रीण म्हणाली, याचं उत्तर मी अजून लिहिलेलं नाही. सारखा विचार करतेय. मी म्हटलं, आज घरी गेलीस की आधी तेवढंच लिही.